गाठीला नाव मिळेपर्यंत

किडनीची प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते, असं एक वाक्य गेल्या अंकात ओघात लिहून गेले आणि त्यावर आलेल्या पत्रांनीच या महिन्याचं पान भरलं. मी चौतीस वर्षं मुंबईत पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम केलं, त्यातली बहुतेक परळला. आमच्या कामात पेशंट सहसा दिसत नाही. दिसतो तो त्याच्या शरीराचा, पोस्टाच्या तिकिटाएवढा तुकडा. आता पत्रांसोबत रिपोर्टच्या झेरॉक्स येतात. यातल्या एका झेरॉक्सच्या कोपऱ्यावर कुंकवाचं बोट उमटलंय. रिपोर्ट देवापुढे ठेवला असणार. उत्तरं लांबली तर संपादकांनी सांभाळून घ्यावं.

ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये सोनोग्राफी झाली. उजव्या किडनीत १.४ सेंमी.ची पांढरी गाठ, ‘अँजिओमायोलायपोमा असण्याची शक्यता’, असं लिहिलंय. वय ४४. मला कसलाच त्रास नाही, पण ते नाव वाचल्यापासून झोप उडाली आहे. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. गाठ काढून टाकावी का?
— एक वाचक, भांडुप

ताई, आधी त्या नावाची फोड करू, म्हणजे त्याचा धाक कमी होईल. अँजिओ म्हणजे रक्तवाहिन्या, मायो म्हणजे स्नायू, लायपो म्हणजे चरबी. शरीरात एरवीही असणाऱ्या तीन गोष्टींचा किडनीत एका जागी झालेला गुंता, इतकंच. किडनीतल्या साध्या, भरीव गाठींमध्ये ही सगळ्यात जास्त सापडते, आणि पुरुषांपेक्षा बायकांत जास्त.

सोनोग्राफीत चरबी पांढरी चमकते, म्हणून डॉक्टरांनी हे नाव लिहिलं. पण त्यांनी ‘शक्यता’ हा शब्दही लिहिलाय, आणि तो प्रामाणिक आहे. लहानसा कर्करोगही कधी कधी सोनोग्राफीत असाच पांढरा दिसतो. म्हणून एकदा सीटी स्कॅन करून घ्या आणि शिरेत फोटो ठळक करणारं औषध देण्याआधीचे, बारीक कापांचे फोटो आवर्जून घ्यायला सांगा. सीटीचं यंत्र प्रत्येक ठिपक्याला घनतेचा एक आकडा देतं. तो हाउन्सफील्ड यांच्या नावाने ओळखला जातो. सीटीसाठी त्यांना १९७९ साली नोबेल मिळालं. या मापात पाणी शून्य. चरबी पाण्यावर तरंगते, तिचा आकडा उणे. गाठीच्या आत उणे १०च्या खाली उतरणारा भाग स्पष्ट सापडला आणि कॅल्शियमचे कण दिसले नाहीत, तर ही अँजिओमायोलायपोमाच आहे असं जवळजवळ खात्रीने म्हणता येतं. सुई नाही, ऑपरेशन नाही. नुसत्या आकड्यावरून नाव ठरावं असं भाग्य किडनीच्या फार थोड्या गाठींना लाभतं.

शंभरातल्या पाचेक गाठींत मात्र चरबी इतकी कमी असते की सीटीला ती दिसतच नाही. मग एमआरआय, आणि तरीही उलगडा झाला नाही तर सुईने बायोप्सी. तिथे आम्हाला एचएमबी-४५ नावाची, पेशींना रंग देऊन बघायची चाचणी उपयोगी पडते. खरं तर ती मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगासाठी वापरतात, पण या गाठीतल्या स्नायुपेशीही तो रंग धरतात. किडनीतल्या कर्करोगाच्या नेहमीच्या पेशी धरत नाहीत.

१.४ सेंमी.ची, त्रास नसलेली गाठ काढायची नाही. वर्षभराने पुन्हा सोनोग्राफी, शक्यतो त्याच सेंटरला, म्हणजे मोजमापाची तुलना नीट होते. ‘साधी’ म्हणजे कर्करोग नसलेली. निरुपद्रवी असेलच असं नाही, हा फरक लक्षात ठेवा. या गाठीतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती कमकुवत असतात. गाठ ४ सेंमी.च्या पुढे गेली, किंवा आतल्या वाहिनीला ५ मिमी.पेक्षा मोठा फुगा आला, तर ती फुटून पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. तेव्हा मांडीच्या धमनीतून बारीक नळी नेऊन रक्तपुरवठा बंद करता येतो, किडनी वाचते. गरोदरपणात ही गाठ वाढू शकते. तुमचा तो टप्पा बहुधा मागे पडला असेल, पण धाकट्या वाचकांनी ध्यानात ठेवावं. कुशीत अचानक जोराची कळ, लघवीत रक्त, घाम फुटून चक्कर, असं झालं तर वाट न पाहता कॅज्युअल्टी गाठायची.

आणखी एक. अशा गाठी दोन्ही किडन्यांत, अनेक असतील, सोबत लहानपणापासून फिट्स, चेहऱ्यावर बारीक पुटकुळ्या, अंगावर पानाच्या आकाराचे फिकट डाग असतील, तर मागे ट्यूबरस स्क्लेरोसिस हा जनुकीय आजार असू शकतो. त्याची देखभाल निराळी. दर एक ते तीन वर्षांनी एमआरआय करतात आणि गाठी वाढत असतील तर एव्हरोलिमससारख्या गोळ्यांनी त्या आटवता येतात. तुमच्या पत्रात यातलं काही नाही.

सासूबाईंना आजच सांगा. घरात एकटीने भीती धरून वर्ष काढू नका.

माझ्या सोनोग्राफी रिपोर्टमध्ये डाव्या किडनीवर ‘ड्रोमेडरी हम्प’ लिहिलंय. मुलाने मोबाइलवर अर्थ पाहिला तर ‘उंटाचं कुबड’ आला. हा ट्यूमर आहे का?
— वाचक, वय ६१, मुलुंड

नाही. डाव्या किडनीला वरून प्लीहा टेकते, त्या दाबाने काही जणांच्या किडनीची बाहेरची कड जन्मापासूनच अशी फुगीर असते. तो किडनीचाच भाग आहे. असाच एक दुसरा फसवा प्रकार म्हणजे बर्टिनचा स्तंभ. किडनीचा बाहेरचा थर काही ठिकाणी आत शिरलेला असतो आणि सोनोग्राफीत गाठीसारखा दिसतो. शंका आली तर सीटीत औषध देऊन बघतात. खरा किडनीचा भाग शेजारच्या भागाइतकंच औषध घेतो, गाठ सहसा कमी-जास्त घेते. तुमच्या डॉक्टरांनी नाव स्पष्ट लिहिलंय, म्हणजे त्यांना ओळख पटली आहे.

शेजाऱ्यांची किडनीची गाठ गोखरू आणि पाषाणभेदाच्या काढ्याने ‘थांबली’. मीही सुरू करू का?
— वाचक, कुर्ला

मुतखड्याचं आणि गाठीचं दुखणं वेगळं. गाठ म्हणजे जिवंत पेशी, काढ्याने त्या विरघळत नाहीत. साध्या गाठी बऱ्याचदा वर्षानुवर्षं आपण होऊनच आहे तेवढ्या राहतात. शेजाऱ्यांची तशीच असावी. घेत असलेला प्रत्येक काढा आणि भस्म डॉक्टरांना सांगा. काही भस्मांतले जड धातू किडनीलाच बाधतात. तुमची किडनी आधीच तपासणीखाली आहे, तिच्यावर आणखी भार नको.

पत्नी, वय ५८. डाव्या किडनीत ३.२ सेंमी. गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, कर्करोग धरूनच चाला. किडनीचा गाठीकडचा भाग काढला. मेहुण्याकडून, सोसायटीतून पैसे उभे केले. रिपोर्ट आला : ‘ऑन्कोसायटोमा, साधी गाठ’. सगळे म्हणतात पेढे वाटा. मला मात्र फसवल्यासारखं वाटतं. ऑपरेशन नाहक झालं का? खरं सांगा.
— वाचक, लालबाग

दादा, तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं. तुम्ही खरं सांगा म्हणालात, तर दोन भागांत सांगते.

पहिला भाग ही गाठ काय चीज आहे याचा. ऑन्कोसायटोमा हाताळल्याशिवाय कळत नाही. फॉर्मलीनच्या डब्यातून किडनीचा तुकडा बाहेर काढायचा, धुवायचा, लांब पात्याच्या सुरीने एकाच दमात मधोमध कापायचा. नेहमीचा किडनीचा कर्करोग असेल तर आत हळदीसारखा पिवळा रंग आणि मध्ये रक्ताचे काळपट डाग. ऑन्कोसायटोमाचा रंग पिकल्या चिक्कूच्या गराचा, सगळीकडे सारखा. काही गाठींत मधोमध पांढरट वण असतो आणि तिथून चारी बाजूंना रेघा फुटलेल्या असतात, चांदणीसारख्या. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी सरांना बोलवायला धावत गेले होते. मायक्रोस्कोपखाली पेशी फुगीर, गुलाबी, दाणेदार दिसतात. ते दाणे म्हणजे मायटोकाँड्रिया. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या या भट्ट्या एकेका पेशीत इतक्या दाटीवाटीने भरलेल्या असतात की दुसऱ्या कशाला जागाच उरत नाही.

ही गाठ १९४२ साली प्रथम नोंदली गेली. पण ही साधी गाठ आहे, पसरत नाही, हे डॉक्टरांना नीट उमगायला १९७६ उजाडलं. कारण तिचा एक जुळा भासणारा भाऊ आहे, क्रोमोफोब कार्सिनोमा, आणि तो कर्करोग आहे. तोही तपकिरी, त्याच्याही पेशी गुलाबी असू शकतात. फरक बारीक. क्रोमोफोबच्या पेशींची केंद्रकं मनुकांसारखी सुरकुतलेली असतात, भोवती मोकळं कडं असतं, पेशींच्या भिंती झाडाच्या पेशींसारख्या ठळक. सीके७ नावाच्या चाचणीत क्रोमोफोबच्या बहुतेक पेशी रंग धरतात, ऑन्कोसायटोमात इकडे-तिकडे एखाददुसरी. असा नमुना आला की मी त्या दिवशी सही करत नसे. गाठीतून आणखी तुकडे घ्यायचे, रात्र जाऊ द्यायची, सकाळी ताज्या डोळ्यांनी पुन्हा बघायचं.

अख्खी गाठ हातात असताना आमची ही तऱ्हा, तर बाहेरून फोटो काढणाऱ्या सीटीने काय करावं? मधला चांदणीसारखा वण दिसला तरी भरवसा नाही, कर्करोगातही मधला भाग मरून तसाच दिसतो. तुमच्या डॉक्टरांनी सीटी पाहून ‘कर्करोग धरून चाला’ म्हटलं, त्यात लबाडी नव्हती. औषध शोषून घेणारी भरीव गाठ दिसली की बहुतेक वेळा ती कर्करोगाचीच असते. आणि त्यांनी अख्खी किडनी न काढता फक्त गाठीकडचा भाग काढला. हे कौशल्याचं काम आहे. रक्तपुरवठा चिमट्याने थांबवून, घड्याळ लावून करायचं. तुमच्या पत्नीची बाकीची किडनी शाबूत आहे, ती त्यांच्यामुळे.

आता दुसरा भाग. ४ सेंमी.पेक्षा लहान गाठी ऑपरेशन करून काढल्या, तर साधारण पाचातली एक साधी निघते. हे तुम्हाला ऑपरेशनच्या आधी कुणी सांगायला हवं होतं. आधी सुईने बायोप्सी करता येते, हेही. त्यात थोडा रक्तस्राव होऊ शकतो. सुईच्या वाटेने कर्करोग पसरेल ही भीती लोकांना फार असते, पण तसं क्वचितच होतं. मात्र दहातल्या एखाद्या बायोप्सीत पुरेसा तुकडा मिळत नाही, आणि मिळाला तरी ऑन्कोसायटोमाबाबत आम्ही कधी कधी इतकंच लिहू शकतो की ‘या जातीची गाठ आहे, जुळा भाऊ नाकारता येत नाही’. हृदयाच्या स्कॅनसाठी वापरतात ते सेस्टामिबी हे किरणोत्सारी औषधही आता या गाठींसाठी वापरतात. मायटोकाँड्रियांनी भरलेली गाठ ते धरून ठेवते आणि स्कॅनमध्ये उजळते. आणि तिसरा रस्ता थांबण्याचा. लहान गाठी सरासरी वर्षाला दोन-तीन मिलिमीटर वाढतात. वयस्कर, हृदयविकाराच्या पेशंटला दर सहा महिन्यांनी फोटो काढत थांबवणं हा उपचारच आहे.

हे तीन रस्ते समोर मांडूनही तुम्ही दोघांनी कदाचित ऑपरेशनच निवडलं असतं. ५८ वर्षांच्या, तब्येतीने चांगल्या बाईला मीही बहुधा तेच सांगितलं असतं. पण निवड तुमची झाली असती. तुम्हाला बोचतंय ते हेच असावं असं पत्र वाचून वाटलं, आणि ते बोचणं रास्त आहे. पुढच्या भेटीला डॉक्टरांना हे शांतपणे सांगा. तुमच्या मागून येणाऱ्या पेशंटला त्याचा उपयोग होईल.

पत्नीला केमो नको, रेडिएशन नको. वर्षातून एकदा क्रिएटिनिन (किडनीचं काम सांगणारी रक्ततपासणी), ब्लडप्रेशर आणि डॉक्टर सांगतील तेव्हा सोनोग्राफी. पेढे वाटायचे की नाही ते मात्र पत्नीला विचारा. पत्रात तिचं म्हणणं कुठेच आलेलं नाही.

मुलगी २३ वर्षांची, सीएची आर्टिकलशिप करते. डोकं दुखतं म्हणून दाखवलं तर बीपी १८०/१२०. पोटॅशियम २.९. आधी म्हणाले परीक्षेचं टेन्शन. आता नव्या डॉक्टरांनी रेनिन तपासायला सांगितलंय आणि ‘किडनीत बारीक गाठही असू शकते’ म्हणाले. पण सोनोग्राफी तर नॉर्मल आहे!
— एक आई, विक्रोळी

आई, नव्या डॉक्टरांचा हात सोडू नका. एवढ्या लहान वयात एवढं बीपी आणि सोबत पोटॅशियम कमी, ही जोडी परीक्षेच्या टेन्शनने होत नाही.

किडनीत रक्ताचा दाब ओळखणाऱ्या काही पेशी असतात. दाब कमी झाला की त्या रेनिन हा स्राव सोडतात, त्यातून पुढे ॲल्डोस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं, शरीर मीठ धरून ठेवतं, दाब चढतो आणि पोटॅशियम लघवीवाटे जातं. याच पेशींची साधी गाठ झाली तर ती दाब बघतच नाही, रेनिन सोडतच राहते. तिला रेनिनोमा म्हणतात. १९६७ साली तिची पहिली नोंद झाली. मी चौतीस वर्षांत एकच पाहिली, भिजवलेल्या काबुली चण्याएवढी, करडी-पिवळी. सोनोग्राफीत अशा गाठी अनेकदा निसटतात, कारण त्या लहान असतात आणि किडनीच्या रंगात मिसळून जातात. शिरेत औषध देऊन केलेल्या सीटीत सापडतात. काढल्यावर बहुतेकांचं बीपी उतरतं.

पण ही फार दुर्मीळ गोष्ट. तुमच्या मुलीला ती आहे असं धरू नका. रेनिन वाढवणारी याहून पुष्कळ जास्त आढळणारी कारणं किडनीच्या रक्तवाहिनीत असतात. आपल्याकडे तरुण मुलींमध्ये टाकायासू नावाच्या आजाराने मोठ्या रक्तवाहिन्यांना सूज येऊन त्या अरुंद होतात. दोन्ही हातांचं बीपी आणि दोन्ही मनगटांची नाडी तपासली का, हे विचारा. पाच मिनिटांचं काम आहे. बीपीच्या काही गोळ्यांनी रेनिनचा आकडा बदलतो, म्हणून चालू गोळ्यांची यादी न्या. पण स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करू नका.

आईची (वय ५२) किडनीची गाठ काढली. पहिल्या लॅबने ‘पॅपिलरी कार्सिनोमा’, म्हणजे कर्करोग, लिहिलं. स्लाइड दुसरीकडे दाखवल्या, ते म्हणतात ‘मेटानेफ्रिक ॲडेनोमा, साधी गाठ’. ज्यांनी चांगली बातमी दिली त्यांच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो, आणि त्याचीच भीती वाटते.
— वाचक, विलेपार्ले

या पत्राचं उत्तर लिहायला मला चार दिवस लागले, कारण ही चूक माझ्या हातून झाली आहे.

१९९३ साल. मी तेव्हा एका मोठ्या रुग्णालयात नवी होते. त्रेपन्न वर्षांच्या एका शिक्षिकाबाईंची पाच सेंटिमीटरची गाठ माझ्याकडे आली. अख्खी किडनीच काढली होती, तेव्हा तशीच पद्धत होती. मायक्रोस्कोपखाली लहान, एकसारख्या, दाट निळ्या पेशी, बारीक नळ्या, मधूनच इवलेसे कोंब. मी पॅपिलरी कार्सिनोमा लिहिलं आणि सही केली. मेटानेफ्रिक ॲडेनोमा हे नाव जेमतेम वर्षापूर्वी वैद्यकीय नियतकालिकात आलं होतं. पन्नास पेशंटची मोठी मालिका छापून आली १९९५ मध्ये. माझ्या वाचनात ते नाव आलेलं नव्हतं.

२००२ साली विद्यार्थ्यांसाठी जुन्या स्लाइड शोधत होते. काचेच्या कडेचा डिंक पिवळा पडला होता. स्लाइड लावली आणि पहिल्या मिनिटात कळलं. इतक्या शांत पेशी, विभाजन होणारी एकही नाही. गाठीचे तुकडे ज्यात बसवून जपून ठेवतात, त्या मेणाच्या ब्लॉकमधून नवे काप घेतले. डब्ल्यूटी१ या चाचणीचा रंग चढला, सीके७ चा नाही. पॅपिलरी कर्करोगात साधारण याच्या उलट होतं. दोन वरिष्ठांना दाखवलं, दोघांनी तेच नाव सांगितलं. मग त्या नमुन्यासोबत आलेला मूळ फॉर्म काढला. त्यावर ऑपरेशनआधीचं हिमोग्लोबिन लिहिलेलं होतं : १७.६. आपल्याकडच्या बाईचं, त्या वयात, १७.६! मेटानेफ्रिक ॲडेनोमाच्या साधारण दहातल्या एका पेशंटचं रक्त असं घट्ट होतं, आणि गाठ काढली की खाली येतं. तो आकडा नऊ वर्षं त्या कागदावर होता. मी गाठ बघितली होती, कागद वाचला नव्हता.

पत्ता गिरगावातल्या एका चाळीचा होता. रविवारी सकाळी गेले. त्या हयात होत्या, ठणठणीत होत्या. दर सहा महिन्यांनी छातीचा एक्स-रे आणि सोनोग्राफी करत होत्या, सगळ्या फिल्म तारखेवार लावून ट्रंकेत ठेवलेल्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी मला मध्ये तोडलं नाही. मग म्हणाल्या, “म्हणजे मी नोकरी सोडली ती?” ऑपरेशननंतर वर्षभरातच, किती दिवस उरलेत कुणास ठाऊक म्हणून, त्यांनी राजीनामा दिला होता. सातवीचा वर्ग होता त्यांचा. मला उत्तर देता आलं नाही. त्यांनी चहा ठेवला, आम्ही दोघी तो प्यायलो, आणि निघताना त्यांनी सुधारलेला रिपोर्ट लेखी मागितला. पुढच्या आठवड्यात मी तो सही-शिक्क्यासह नेऊन दिला.

म्हणून तुम्हाला सांगते, विश्वास माणसावर ठेवायचा प्रश्नच येऊ देऊ नका. दोन रिपोर्ट जुळत नाहीत तेव्हा बातमी चांगली की वाईट हे बाजूला ठेवून फक्त पुरावा मागा. दुसऱ्या लॅबने कशावरून ठरवलं? डब्ल्यूटी१, सीडी५७, सीके७ या चाचण्या केल्या का? आज आणखी एक साधन आहे, जे १९९३ ला नव्हतं. मेटानेफ्रिक ॲडेनोमाच्या दहातल्या नऊ गाठींत बीआरएएफ जनुकात व्ही६००ई हा ठरावीक बदल सापडतो, पॅपिलरी कर्करोगात तो सहसा नसतो. त्याची तपासणी त्याच मेणाच्या ब्लॉकवर होते. आईला पुन्हा सुई टोचायची गरज नाही. नुसत्या नजरेवर भागवलं असेल, तर दोन्हीपैकी कुठलाच रिपोर्ट शेवटचा मानू नका.

तिसरं मत घ्या, आणि ते युरोलॉजीच्याच गाठी रोज बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टचं घ्या. टाटा मेमोरियल १९४१ साली सुरू झालं, आणि देशभरातून माणसं हातात ब्लॉकची डबी घेऊन परळला येतात. रात्रभर रेल्वेत बसून आलेली मी रोज पाहायची. तुम्ही पार्ल्याहून तासाभरात पोहोचाल.

पहिल्या लॅबला लेखी अर्ज देऊन स्लाइडसोबत ब्लॉकही मागा. पेशंटच्या नातेवाइकांनी रीतसर मागितले तर मिळतात. नुसत्या स्लाइडवर नव्या चाचण्या सहसा करता येत नाहीत. प्रत्येक ब्लॉकवर कोरलेला नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी तिथेच उभं राहून जुळवा. ब्लॉक मेणाचे असतात. उन्हातल्या गाडीत, स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. छोट्या डबीत कापूस घालून, सावलीत न्या. शक्य झाल्यास आईला सोबत न्या आणि डॉक्टरांशी बोलताना तिला बाहेर बसवू नका.

फाइलमध्ये दोन्ही रिपोर्ट ठेवा, सीटीची सीडी ठेवा. ऑपरेशनच्या आधीचा सीबीसीचा कागद सगळ्यात वर लावा आणि हिमोग्लोबिनच्या आकड्याला पेन्सिलीने गोल करा.